नवी कॉमिक्स, नवे सुपरहिरो: निवडायचं कसं?

मंडळी, आज आपण नव्या कॉमिक्सविषयी आणि सुपरहिरोंच्या सिनेमांविषयी बोलणार आहोत. नवी म्हणजे ढोबळमानाने २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतली. आणि मुख्यतः अमेरिकेतली, कारण हा प्रकार तिथे जन्मला आणि त्याचा कारखाना अजून तिथेच चालतो. आपल्याकडची उदाहरणं येतील, पण ओढूनताणून आणणार नाही.

आम्हा चाहत्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. एवढं सगळं निघतं, त्यातलं वाचायचं काय आणि बघायचं काय? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या दुकानांत दर बुधवारी नव्या अंकांची थप्पी येते. वीस-बावीस पानांचा एक अंक, किंमत चार-पाच डॉलर. त्याशिवाय वर्षाला चार-पाच मोठे सिनेमे. सगळं घेणं कुणालाच परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त माल घेण्यासारखा नसतोच. म्हणून आम्ही एक साधी कसोटी लावतो. या गोष्टीत जे घडतं, ते पुढे पुसून टाकता येईल का? सहज पुसता येत असेल तर पैसे वाचवायचे.

आता ही कसोटी कुठून आली ते बघू, कारण त्यात या धंद्याची सगळी मेख आहे.

१९३८ साली जेरी सिगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना प्रकाशकाला विकून टाकले. तेव्हापासून सुपरमॅन ही कंपनीची मालमत्ता आहे. लेखक येतात-जातात, चित्रकार बदलतात, पात्र तिथेच. आणि मालमत्ता कुणी संपवत नाही. कादंबरीकार आपल्या नायकाला मारू शकतो. इथे कंपनी नायकाला फार तर काही महिन्यांची रजा देते. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारलं, अंकांवर लोकांच्या उड्या पडल्या, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. १९९३ मध्ये तो परत हजर. त्याआधी १९७३ मध्ये स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली होती, आणि ती खरी ग्वेन काही परत आली नाही. म्हणून तर पन्नास वर्षांनंतरही वाचक त्या अंकाविषयी बोलतात. बाकी बहुतेक सगळे उठून बसले.

सिनेमात हा रोग उशिरा शिरला, पण जोरात शिरला. २०१९ च्या ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये टोनी स्टार्क मेला आणि थिएटरात मोठमोठी माणसं रडली. मग मल्टिव्हर्स आलं. म्हणजे विश्वं अनेक, प्रत्येकात प्रत्येकाची एकेक आवृत्ती. एकदा हे मान्य केलं की कुणी मेलं तरी बिघडत काय? शेजारच्या विश्वातून दुसरा आणायचा. ‘लोगन’ या २०१७ च्या सिनेमात वुल्व्हरिनला फार सुंदर मरण दिलं होतं. २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ची सुरुवातच ती कबर उकरून होते. त्या सिनेमाने १३० कोटी डॉलरच्या वर धंदा केला. आम्हीही हसलो, नाही असं नाही. पण घरी आल्यावर ‘लोगन’ पुन्हा लावून बघा, काहीतरी कायमचं उणं झालेलं जाणवतं. त्याच वर्षी कंपनीने जाहीर केलं की टोनी स्टार्क झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर आता डॉक्टर डूम म्हणून परतणार. पात्र दुसरं, चेहरा तोच.

इथे आपल्या वेताळाची आठवण काढायलाच हवी. ली फॉकने १९३६ मध्ये निर्माण केलेला फँटम ‘इंद्रजाल’मधून मराठीत आला तो वेताळ म्हणून. गावोगावच्या वाचनालयांत त्याचे अंक फाटेस्तोवर फिरले. जंगलातल्या लोकांना वाटतं की तो अमर आहे. वाचकाला मात्र ठाऊक असतं की हा एकविसावा; आधीचे वीस मेले, कवटीच्या गुहेत पुरले गेले, आणि प्रत्येक वेळी मुलाने बापाचा वेश चढवला. शिवाय १९७७ मध्ये त्याचं डायनाशी लग्न लागलं आणि १९७९ मध्ये जुळी मुलं झाली. ज्याला मरण आहे आणि ज्याच्या घरी कुणी वाट बघतं, अशा नायकाची सवय आपल्याकडच्या एका पिढीला पूर्वीपासून आहे. ती सवय आज कामाला येते.

कारण आमची पहिली निवड नेमकी तशीच आहे. ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’, लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को चेकेटो, सुरुवात जानेवारी २०२४. याची गंमत कळायला थोडा मागचा हिशेब हवा. मूळ स्पायडर-मॅनचं, म्हणजे पीटर पार्करचं, मेरी जेनशी १९८७ मध्ये लग्न झालं होतं. पुढे संपादकांना वाटलं की लग्न झालेला नायक म्हातारा दिसतो. घटस्फोट दिला तर आणखी म्हातारा दिसेल! म्हणून २००७ मध्ये एका सैतानाकरवी ते लग्नच इतिहासातून पुसलं. मे काकूचा जीव वाचवण्याच्या बदल्यात नवरा-बायकोने आपला संसार देऊन टाकला, आणि तो कधी झाला होता हेच जग विसरलं. वाचक अजून विसरलेले नाहीत. हिकमनने हे उलटं फिरवलं. त्याच्या गोष्टीत पीटरला कोळी चावायचा तेव्हा चावलाच नाही, कुणीतरी मुद्दाम चावू दिला नाही. तो साधा माणूस म्हणून वाढला, मेरी जेनशी लग्न केलं, रिचर्ड आणि मे ही दोन मुलं झाली. आणि मग, तिशी उलटून गेल्यावर, ती शक्ती त्याच्यापुढे येते: हवी का? पोराने हो म्हणणं सोपं असतं. ज्याला सकाळी मुलांना शाळेत सोडायचंय त्याने हो म्हणणं वेगळं. शिवाय कथेतला काळ अंकाबरोबर चालतो, महिन्याला महिना. मुलं खरोखर मोठी होतात. इथे बेन काका जिवंत आहेत, काकू गेलेली आहे. आणि बेन काका आणि जे. जोना जेमसन हे दोन म्हातारे जुनं वर्तमानपत्र सोडून स्वतःचं काढतात. मारामारीपेक्षा त्या दोघांची वादावादी आम्हाला जास्त आवडते.

दुसरी निवड ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’. ऑक्टोबर २०२४ पासून, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. बॅटमॅनविषयी एक जुनी तक्रार आहे, आणि ती खोटी नाही: हा अब्जाधीश रात्री बाहेर पडून गरीब चोरांना बडवतो. स्नायडरने त्याचा पैसाच काढून घेतला. वाडा नाही, गुहा नाही, बटलर नाही. ब्रूसचे वडील शाळामास्तर. मुलांना प्राणिसंग्रहालयात सहलीला नेलेलं असताना गोळीबारात जातात. अमेरिकेत हा प्रसंग वाचताना कुणाच्या डोळ्यांपुढे काय येत असेल ते सांगायला नको. आई मात्र जिवंत आहे. हा एक बदल सगळं हलवतो, कारण आता घरी परत न येण्याला किंमत आहे. ब्रूस व्यवसायाने सिव्हिल इंजिनियर, शहराच्या पुलांचं-भुयारांचं गणित त्याला येतं, आणि तेच त्याचं हत्यार. छातीवरचं वटवाघूळ उपसलं की त्याची कुऱ्हाड होते. हे जरा अतीच आहे, पण ड्रॅगोटाने असं काढलंय की आपण तक्रार विसरतो. खरा काटा पुढे आहे. वेलन जोन्स, ओस्वाल्ड कॉबलपॉट, एडवर्ड निग्मा, हार्वी डेंट, सेलिना काइल ही मंडळी इथे ब्रूसचे लहानपणचे दोस्त आहेत. जुन्या वाचकाला माहीत असतं की यातला कोण पुढे मगरीसारखा होणार आणि कोणाचा अर्धा चेहरा जळणार. हे पत्ते खेळत बसलेले बघताना पोटात गोळा येतो. एक सूचना: रक्त आणि मोडतोड भरपूर आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात हे देऊ नका.

याच मालिकेतली ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’ (लेखिका केली थॉम्पसन, चित्र हेडन शर्मन) काहींना बॅटमॅनपेक्षा सरस वाटते. ही डायना ॲमेझॉन बायकांच्या बेटावर नाही, तर थेट नरकात वाढली, सर्सी नावाच्या चेटकिणीने वाढवली. एका माणसाला तिथून सोडवायला ती आपला उजवा हात देते. हात जातो तो जातो. पुढे जादूने दुसरा बसवावा लागतो. एवढं होऊनही ती कडवट होत नाही, यात त्या लेखिकेचं कसब.

आता वेगळ्या घरातलं एक पुस्तक. ‘द पॉवर फँटसी’, लेखक कीरन गिलन, चित्रकार कॅस्पर वाइनगार्ड, प्रकाशक इमेज. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. जगात सहा माणसं अशी आहेत की प्रत्येकाकडे एका महासत्तेच्या अण्वस्त्रसाठ्याइतकी ताकद आहे. त्यामुळे एक नियम आपोआप तयार होतो: यांची मारामारी झाली की जग संपलं. सुपरहिरोंची गोष्ट, आणि हात उगारायचाच नाही! उरतं काय, तर बोलणी, आर्जवं, खोटेपणा, वचनं. आणि इथे हक्क लेखक-चित्रकारांकडे आहेत, म्हणजे जग खरंच संपवायचं ठरवलं तर त्यांना अडवायला कुणी नाही. १३० डॉलरवाल्या करारात जे गेलं होतं, ते हेच स्वातंत्र्य.

सिनेमांकडे वळू. २०२५ च्या जुलैमध्ये दोन मोठे सिनेमे दोन आठवड्यांच्या अंतराने आले. जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ आम्हाला जास्त भावला. सुरुवातीलाच सुपरमॅन हरलेला आहे, बर्फात पडलेला, बरगड्या मोडलेल्या, आणि कुत्र्याला शीळ घालून बोलावतोय. त्याचा जन्म, ग्रहाचा नाश वगैरे पुन्हा दाखवत बसले नाहीत, हे उपकारच. सगळ्यात चांगला प्रसंग मारामारीचा नाही. लोइस लेन बातमीदार म्हणून त्याची मुलाखत घेते तो. त्याने एका देशाचं दुसऱ्यावरचं आक्रमण थांबवलेलं असतं, आणि ती विचारत जाते: कुणाला विचारलं होतंस? परिणाम काय होतील? तो चिडतो, कारण त्याला दिसतंय की माणसं मरणार होती. दोघांचंही बरोबर आहे. पुढे कळतं की त्याच्या खऱ्या आईवडिलांनी पाठवलेल्या निरोपाचा उरलेला भाग त्याला वाटत होता तसा नाही. पृथ्वीवर राज्य कर, असं ते सांगत होते. हे एकदा कळलं की न कळल्यासारखं करता येत नाही, आणि पटकथा तसं करतही नाही. मल्टिव्हर्सचा मोह गनलाही पूर्ण आवरलेला नाही, खिशातलं विश्व वगैरे आहे. दिग्दर्शकाने चार पात्रं कमी घेतली असती तर बरं झालं असतं. आणि आपल्याकडे सेन्सॉरने त्यातलं चुंबन कापलं. इमारती कोसळतात त्या चालतात, ते असो.

दुसरा ‘द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’, दिग्दर्शक मॅट शॅकमन. साठच्या दशकातलं, पण उडत्या गाड्यांचं न्यूयॉर्क फार देखणं उभं केलंय. पेच तर पक्का: गॅलॅक्टस नावाचा ग्रहभक्षक म्हणतो, तुमचं होणारं मूल द्या, पृथ्वी सोडतो. आईवडील नाही म्हणतात, आणि परत आल्यावर लोक त्यांना जाब विचारतात. एका मुलासाठी आम्ही सगळे मरायचं? असा प्रश्न सुपरहिरोंना सहसा कुणी विचारत नाही. पण शेवटी आई मरते आणि बाळाच्या स्पर्शाने उठते. तिथे आमच्या कसोटीत सिनेमा नापास. तासाभरात जमवलेलं सगळं अर्ध्या मिनिटात परत केलं. तरी पहिल्या दोन-तृतीयांशासाठी बघाच.

मे महिन्यात आलेला ‘थंडरबोल्ट्स’ मात्र अनेकांनी सोडला, आणि तो सोडू नये. त्यातला शत्रू म्हणजे एका खचलेल्या माणसाच्या आतला काळोख आहे. त्याला ठोसे मारून हरवता येत नाही. मारत राहिलं तर तो वाढतो. फ्लोरेन्स प्यूने येलेना केली आहे, आणि ती जाऊन त्याला घट्ट धरून ठेवते. नैराश्याविषयी एवढं समंजस या कारखान्यातून येईल असं वाटलं नव्हतं.

भारतातलं एकच नाव घेतो, मल्याळममधला ‘लोका’, ऑगस्ट २०२५ चा. नायिका केरळच्या लोककथेतली यक्षी, वस्ती आजच्या बंगळुरात. ती मरत नाही, भोवतालची माणसं मरतात. मराठीत ‘बाजी’ येऊन दहा वर्षं झाली. दुसरा कधी येतोय याची वाट बघतोय.

एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये डायमंड ही कॉमिक्स वितरणातली जुनी मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. डीसी आणि मार्व्हल हे दोन बडे प्रकाशक आधीच तिच्यापासून दूर झाले होते, त्यांचं फारसं बिघडलं नाही. माल अडकला तो छोट्यांचा. तिथली पद्धत अशी की दुकानदार काही महिने आधी मागणी नोंदवतो आणि उरलेले अंक बहुतेक वेळा परत करता येत नाहीत. त्यामुळे तो जपून मागवतो. बॅटमॅन शंभर, अनोळखी पुस्तक दोन. ते दोन खपले नाहीत तर पुढच्या वेळी शून्य. म्हणून इथे बसून घेणाऱ्यांनीही छोट्या प्रकाशकाचं पुस्तक विकतच घ्यावं, फुकटची प्रत शोधू नये. बॅटमॅनला तुमच्या पैशांची तितकी गरज नाही.

सुटे अंक मागवणं इकडे महाग पडतं. पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक निघतं ते घ्यावं, किंवा मोबाइलवर वाचावं. पण टॅबलेट असेल तर बरं, ड्रॅगोटाची पानं छोट्या पडद्यावर मावत नाहीत. कधीच कॉमिक वाचलं नसेल तर ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’च्या पहिल्या खंडापासून सुरू करा. त्याला मागचं काही ठाऊक असावं लागत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.