आवाजातले गुप्तहेर (लेखांक ६) : ‘ड्रॅगनेट’चा सार्जंट फ्रायडे

मागच्या लेखांकात रेडिओनायक पॅट नोव्हाक भेटला होता. वाक्यागणिक उपमा फेकणारा, पोलिसांशी सतत खटके उडणारा. तो आवाज होता जॅक वेबचा. याच वेबने ३ जून १९४९ रोजी एनबीसी रेडिओवर ‘ड्रॅगनेट’ सुरू केलं आणि नोव्हाकचा सगळा तोरा उतरवून ठेवला. त्याचा नवा नायक सार्जंट जो फ्रायडे हा लॉस एंजेलिस पोलीस दलातला पगारी माणूस. दारोदार जातो, विचारपूस करतो, टिपून घेतो.

‘ही वॉक्ड बाय नाइट’ या १९४८च्या चित्रपटात वेबला पोलीस प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची छोटी भूमिका मिळाली होती. तिथे सल्लागार म्हणून आलेले सार्जंट मार्टी विन यांनी खऱ्या प्रकरणांवर कार्यक्रम करण्याची कल्पना त्याच्या डोक्यात घातली. वेबने ती मनावर घेतली. पोलिसांबरोबर गस्तीच्या गाडीतून हिंडला, त्यांची बोली कानात साठवली.

आवाजाच्या बाबतीत तर तो हट्टीच होता. एका भागात फ्रायडे युटा राज्यातल्या फाउंटन ग्रीन या गावी ट्रंक कॉल लावतो. वेबने त्यासाठी खराच कॉल लावून ध्वनिमुद्रित केला. एका एक्स्चेंजची ऑपरेटर दुसरीला पुकारते, खटके वाजतात, पुन्हा थांबणं. तेव्हाच्या रेडिओला रिकाम्या क्षणाची धास्ती असे; वेबने हे ताटकळणंच श्रोत्यांना ऐकवलं. माझ्या मते ‘ड्रॅगनेट’चं खरं धाडस इथे आहे. तपासातला बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो, हे त्याने सांगितलं नाही, कानांना भोगायला लावलं.

डिसेंबर १९४९चा नाताळचा भाग आजही ऐकवत नाही. नऊ वर्षांचा मुलगा बेपत्ता होतो. नाताळची भेट म्हणून आणून ठेवलेली .२२ रायफल त्याने आधीच उघडलेली असते. खेळता खेळता गोळी सुटते, तो जागीच जातो आणि घाबरलेला मित्र त्याचा देह लपवतो. पकडायला गुन्हेगारच नाही. शेवटी मुलाचा बाप त्या मित्राच्या घरी जातो आणि आपल्या मुलासाठी आणलेल्या भेटी त्याला देऊन टाकतो. वेब आपल्या नटांना अभिनय कमी करायला सांगत असे. का, ते इथे समजतं.

पण खऱ्या प्रकरणांच्या या फायली पोलिसांकडून फुकट मिळत नव्हत्या. संहिता पोलीस खात्याच्या नजरेखालून जात आणि १९५०मध्ये पोलीसप्रमुख झालेल्या विल्यम पार्कर यांना या कार्यक्रमाचं मोल पुरतं ठाऊक होतं. डिसेंबर १९५१मध्ये ‘ड्रॅगनेट’ दूरचित्रवाणीवरही आलं. त्याच महिन्यात, नाताळच्या पहाटे, लॉस एंजेलिसच्याच तुरुंगात पोलिसांनी सात तरुणांना बेदम मारलं. त्यांतले पाच मेक्सिकन वंशाचे होते. पुढे आठ पोलिसांवर खटले भरले गेले, पाच दोषी ठरले. फ्रायडेचा प्रामाणिकपणा मला खोटा वाटत नाही. मात्र ज्या खात्याचं नाव घेऊन तो दारं ठोठावतो, त्या खात्याची ही बाजू त्याच्या कहाण्यांनी दाखवली नाही.

(पुढील लेखांक : रेडिओवरचा फ्रायडे पडद्यावर येतो तेव्हा)