तंजावरचे ऋण

सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात प्रथम शिजला आणि संभाजीराजांच्या नावावरून त्याला ते नाव मिळाले, ही आख्यायिका मराठी माणूस मोठ्या हौसेने सांगतो. तिला समकालीन पुरावा दाखविता येत नाही. तरीही ती सांगताना सांगणाऱ्याचा चेहरा उजळतो. आपण दुसऱ्याला काय दिले हे माणसाला पाठ असते. आपण दुसऱ्याकडून काय घेतले, आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे पुढे काय झाले, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

संस्कृतींचे देणेघेणे ही नवी गोष्ट नव्हे. परक्याची वस्तू आदराने स्वीकारणे, परक्यांत राहून त्यांच्याशी समरस होणे आणि परक्याची वस्तू घेऊन त्याचे नाव पुसून टाकणे, या तीन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. तिन्हींत एकाचे दुसऱ्याकडे जाते. त्यांतील भेद ओळखावयाचा तर तंजावरसारखे दुसरे ठिकाण नाही.

व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतले. पुढे 1855 पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ, तेथे भोसल्यांची गादी राहिली. हे राजे तमिळ भूमीत राज्य करीत होते. त्यांच्या आधीच्या नायक राजांच्या दरबाराची भाषा तेलुगू होती. विजेत्याने आपली भाषा लादावी, असा जगाचा परिपाठ. भोसल्यांनी तसे केले नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगूत नाटके रचली, मराठीतही रचली, आणि ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगभूमीवर आणल्या. त्यागराज तिरुवैयारूला राहून तेलुगू कृती गात होते तेव्हा तंजावरला मराठी राजांची गादी होती आणि भोवतालचा समाज तमिळ बोलत होता. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला; पण देऊळ चोळांचे, हे सत्य त्या अक्षरांनी झाकले गेले नाही. या स्वीकारात कोणाचे काही हरपले नाही, कारण ज्याचे ते त्याच्या नावाने नांदत राहिले.

राज्य गेल्यावर चित्र पालटले. राजे दुसऱ्याची भाषा शिकत होते ते सत्तेच्या उंचीवरून. त्यांना स्वतःची भाषा गमावण्याचे भय नव्हते. 1855 नंतर तंजावर, कुंभकोणम् व आसपासच्या गावांत जी मराठी कुटुंबे उरली, त्यांच्यापुढे निराळा प्रश्न उभा राहिला. बाजार तमिळचा, शाळा तमिळची किंवा इंग्रजीची, शेजार तमिळ. मराठी राहिली ती माजघरात. ती भाषा महाराष्ट्रातल्या मराठीपासून तुटून वाढली. काही जुने शब्द तिने जपले, पुष्कळ तमिळ शब्द पोटात घेतले. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ती ऐकून हसू येते. आणि ज्याने ती चार पिढ्या सांभाळली, तो त्या हसण्याने ओशाळतो. तमिळ शेजारी त्याला ‘रायर’ म्हणून वेगळा काढतो, मराठी पाहुणा त्याला मद्रासी समजतो. सरस्वती महालाच्या ग्रंथालयातील मोडी कागद त्याच्या पूर्वजांच्या हातचे असतात, पण त्याला ते वाचता येत नाहीत. मुलाशी घरात कोणत्या भाषेत बोलावे, हा निर्णय कोणतेही सरकार त्याच्यासाठी घेत नाही. तो रोज, जेवणाच्या पानावर, त्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो.

समरसतेची ही किंमत आहे. तिची प्राप्तीही लहान नाही. कुंभकोणम् येथे 1828 साली जन्मलेले टी. माधवराव याच समाजातले. त्यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. मल्याळी राजाच्या आणि मराठी राजांच्या दरबारात ते सारख्याच सहजतेने वावरले. दोन घरांचे होऊन राहिलेल्या माणसाला तिसऱ्या घरचे दार परके वाटत नाही.

मराठीने त्या प्रांताला जे दिले, त्यात कीर्तन मोठे. रामचंद्रबुवा मोरगावकर यांची कीर्तने तंजावरात गाजली. ती ऐकून कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद कर्नाटक संगीताच्या रागतालांत बसले. कथा तमिळ झाली, श्रोते तमिळ झाले. पण हरिकथेचा इतिहास सांगताना मोरगावकरबुवांचे नाव आजही घेतले जाते. घेणाऱ्याने वस्तू आपली करावी, तिला हवे ते वळण द्यावे. देणाऱ्याचे नाव राखले म्हणजे त्या घेण्याला अपहार म्हणता येत नाही.

याच तंजावरात वाढलेल्या नृत्याची कथा मात्र इतकी सरळ नाही.

सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चार बंधू होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत भरतनाट्याचा जो क्रम आज रंगमंचावर दिसतो, त्याची मांडणी या चौघांची. त्या काळी या नृत्याला ‘सदिर’ म्हणत. हा शब्द मराठीतील ‘सादर’ या शब्दाशी नाते सांगतो, असे पुष्कळ जाणकार मानतात. नाचणाऱ्या स्त्रिया देवदासी कुळांतल्या. मंदिरात त्यांना मान होता, दरबारात बिदागी होती. स्वतःच्या आयुष्यावर पूर्ण हक्क मात्र नव्हता. तंजावरची राजकन्या 1880 मध्ये सयाजीराव गायकवाडांची राणी होऊन बडोद्यास आली, तेव्हा तिच्या आंदणात गौरा आणि कांतिमती या दोन नर्तकी आल्या. आंदणाच्या यादीत माणसांची मने लिहिली जात नाहीत. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात नृत्याचे गुरू झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही प्रथा अन्याय्य ठरली, आणि ती होतीच. स्वतः देवदासीच्या कुळातील मातेच्या पोटी जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रासच्या विधिमंडळात तिच्याविरुद्ध आवाज उठविला. 1947 मध्ये मुलींना देवाला वाहण्याची चाल कायद्याने बंद झाली. मुली सुटल्या. परंतु ज्या स्त्रियांची उपजीविका, प्रतिष्ठा आणि विद्या त्या नृत्यात होती, त्यांच्या पायांखालची भूमीही त्याच वेळी गेली.

तोवर नृत्याने दुसरे घर शोधले होते. मद्रासच्या संगीत अकादमीच्या व्यासपीठावर ते आले, ‘सदिर’ हे नाव जाऊन ‘भरतनाट्यम्’ हे नाव रूढ झाले. ब्राह्मण कुळातील रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1935 च्या अखेरीस अड्यारला ते सादर केले आणि 1936 मध्ये पुढे ‘कलाक्षेत्र’ म्हणून नावारूपाला आलेली संस्था स्थापिली. त्यांनी वेष बदलला, रंगमंच बदलला, शृंगाराची पदे कमी करून भक्तीवर भर दिला. त्यांचा हेतू हीन नव्हता. समाज ज्या कलेकडे पाठ फिरवीत होता तिला त्यांनी वाचविले. सुशिक्षित घरांतील मुली निःसंकोच नाचू लागल्या त्या त्यांच्यामुळे. त्या शिकल्या त्याही परंपरेच्या गुरूंपाशीच: पंदनल्लूरचे मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै आणि मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरातील देवदासी गौरी अम्माळ.

याच गौरी अम्माळ यांच्यापाशी दुसरीही एक मुलगी शिकत होती. तिचे नाव बालसरस्वती. तिच्या पूर्वज पापम्माळ तंजावर दरबारच्या कलावंत. आजी वीणावादक धनम्माळ. 1925 मध्ये, सात वर्षांची असताना, तिने कांचीपुरम् येथे पहिले नृत्य केले. पुढील काळात तिच्या कुळातील पुष्कळांनी घुंगरू ठेवून दिले. घराण्याचा उल्लेख टाळला म्हणजे मुलांची लग्ने जुळत, नोकऱ्या मिळत. समरस होण्याचा तो एकच मार्ग उरला होता. बालसरस्वतींनी तो स्वीकारला नाही. शृंगार हाच अभिनयाचा राजा आहे, त्याच्या शुद्धीकरणाची गरज नाही, हे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. त्या म्हणण्यात कलेचा सिद्धान्त होता, तसाच आई-आजीच्या अब्रूचा प्रश्नही होता. कारण नृत्य शुद्ध करावयाचे म्हटले की ज्यांनी ते सांभाळले त्यांना अशुद्ध ठरवावे लागते. मान त्यांना मिळाला: सत्यजित राय यांनी 1976 मध्ये त्यांच्यावर बोलपट काढला, 1977 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. परंतु एका बालसरस्वतींच्या मानाने साऱ्या कुळांचे विस्मरण भरून निघाले नाही.

विस्मरण कसे घडते याचा आणखी एक दाखला याच दरबारचा आहे. प्रतापसिंहराजांच्या पदरी मुद्दुपळनी ही विदुषी गणिका होती. तिने तेलुगूत ‘राधिकासांत्वनम्’ हे काव्य रचले. एकोणिसाव्या शतकात ते छापले गेले तेव्हा काही पद्यांबरोबर तिने आपली आई-आजीची परंपरा सांगितली होती तो भागच गाळला गेला. बंगळूरच्या नागरत्नम्मा, त्याही गणिका कुळातल्याच, यांनी मूळ प्रत मिळवून 1910 मध्ये ते काव्य संपूर्ण छापले. सरकारने ते अश्लील ठरवून जप्त केले. याच नागरत्नम्मांनी स्वतःच्या पैशाने त्यागराजांची समाधी तिरुवैयारूला बांधली. एका पुरुष संताचे आणि एका गणिकेचे नाव त्यांनी सारख्याच निष्ठेने राखले.

कला कोणा एका जातीची वा प्रांताची मिरास असू नये, हे खरे. कोणी काय शिकावे यावर पहारे बसविले, तर शहाजीराजांची पाच भाषांची रंगभूमीच मोडावी लागेल. परंतु वस्तू घेताना माणूस दाराबाहेर राहिला की काय, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. महाराष्ट्रात लावणी फडातून स्पर्धांच्या व दूरचित्रवाणीच्या मंचावर आली आहे. तेथेही हाच प्रश्न उभा आहे. ज्या कोल्हाटी स्त्रियांनी ती पिढ्यान्‌पिढ्या गायिली आणि नाचली, त्या त्या मंचावर कोठे बसतात?

आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. ऋषिऋण विद्येचे, आणि ऋषींची जात किंवा वस्ती विचारून ते फेडावयाचे असते असे कोठेही सांगितलेले नाही. सांबाराची आख्यायिका सांगणाऱ्या मराठी माणसाने ती खुशाल सांगावी. त्याच बैठकीत गौरा, कांतिमती आणि मुद्दुपळनी यांची नावेही घ्यावीत, म्हणजे तंजावरचा हिशेब निदान अर्धा तरी खरा मांडला जाईल.