निळा माशीमार कसा ओळखावा?

म्हैसूर शहरात चामुंडी टेकडीच्या उतारावर किंवा कुक्करहळ्ळी तलावाकाठच्या झाडीत सकाळी थोडा वेळ निश्चल उभे राहिले, की किणकिणणाऱ्या घुंगरांसारखी एक लहानशी लकेर कानी पडते. सावलीतल्या खालच्या फांदीवर ताठ बसलेला, चिमणीहून सडपातळ असा एक निळा पक्षी ती घालत असतो. हा टिकेलचा निळा माशीमार होय. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

माशीमार हे नाव त्याच्या शिकारीच्या रीतीवरून पडले आहे. फांदीवरून तो झेपावतो, हवेतच कीटक टिपतो आणि बहुधा जवळच्या फांदीवर येऊन बसतो. चोच बुडाशी रुंद व चपटी असते. तिच्या कडेला राठ केस असतात.

परंतु केवळ ‘निळा’ एवढ्यावरून त्याचे नाव निश्चित करू नये. हिवाळ्यात दक्षिणेत येणारा नीलकंठी माशीमारही निळाच असतो. दोघांचीही छाती नारिंगी असते. मग भेद कसा करावा? त्यासाठी गळा पाहावा. टिकेलच्या नराचा गळा छातीप्रमाणेच नारिंगी असतो. नीलकंठी नराचा गळा मात्र निळा असतो. पश्चिम घाटातल्या पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमार नराचा तर गळा आणि छाती दोन्ही निळी असतात. टिकेलच्या मादीचे रंग नराहून फिके असतात. म्हणून ती ओळखताना अधिक सावध राहावे.

हा काटेकोरपणा कशासाठी? १९३९-४० मध्ये डॉ. सलीम अली यांनी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. कोणता पक्षी कोठे होता, हे आज आपल्याला अशा नोंदींतूनच कळते. नोंदीतील नाव चुकले, तर पुढच्या अभ्यासकाची तुलनाही चुकते. म्हणून स्थळ, तारीख, वेळ आणि गळा, छाती, पोट यांचे रंग प्रथम लिहावेत. नाव शेवटी लिहावे. गळा दिसलाच नाही, तर ‘निळा माशीमार, जाती अनिश्चित’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. पक्षी बिळात किंवा झाडाच्या ढोलीत घरटे करीत असेल, तर मात्र नोंदीचा मोह सोडून दूर व्हावे.

जे पाहिले तेवढेच लिहिणे, हा निरीक्षणाचा पहिला धडा आहे.