पारद-गंधकाच्या खोक्यांवरील खुणा

रसौषधींसाठी मागविलेल्या पारद-गंधकाच्या खोक्यांवर केवळ ‘औषधी कच्चा माल’ एवढेच लिहिलेले आम्ही पाहिले आहे. शोधन-मारण रसशाळेत होते. वाटेत द्रव्य आपल्या मूळ स्वभावातच असते. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात पारदाचा क्रमांक २८०९, वर्ग ८ (क्षरणकारी) असून विषारितादर्शक ६.१ चे लेबलही आवश्यक असते. सांडलेला पारद अ‍ॅल्युमिनियम पोखरतो, म्हणून विमानात तो विशेष घातक ठरतो. गंधकचूर्णाचा क्रमांक १३५०, वर्ग ४.१, म्हणजे ज्वालाग्राही घनपदार्थ. त्याच्या लेबलावर पांढऱ्या भूमीवर तांबडे उभे पट्टे व ज्वाला असते. द्रव्यनाम व क्रमांक स्पष्ट लिहून, सामान्यतः १०० मिलीमीटर बाजूचे, कोनावर उभे लेबल लावावे. अक्षरओळख नसलेल्या हमालालाही ते चित्र सावध करते. खुणांविना आलेले खोके औषधनिर्मात्यांनी स्वीकारू नये, ही आमची विनंती.