डबा, डबी आणि डबडं

हैदराबादेत सकाळी कुणी "टिफिन झालं का?" असं विचारलं, तर ती चौकशी नाश्त्याची असते. इथल्या टिफिन सेंटरवर इडली, डोसा, वडा मिळतो. टिफिन हा मुळात हिंदुस्थानातल्या इंग्रजांचा शब्द. १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याचा अर्थ दुपारचं जेवण असा आहे. पुढे दक्षिणेत तो नाश्ता झाला आणि आपल्याकडे चक्क भांडं!

आपला डबा मात्र कुठेच परका नाही. तेलुगूत डब्बा, कन्नडमध्ये डब्बी, गुजरातीत डब्बो, हिंदीत डिब्बा. बेळगाव असो, वडोदरा असो की इंदूर, शेजाऱ्याला तो कळतोच.

मराठीची खरी गंमत पुढे आहे. तो डबा, ती डबी, ते डबडं. लिंग बदललं की आकार बदलतो आणि आपला भावही. डबा लाडवांचा, डबी हिंगाची नाहीतर कुंकवाची, आणि डबडं म्हणजे पोचे आलेलं, अडगळीत पडलेलं. रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरलाही आपण डबडंच म्हणतो.

हा शब्द स्वयंपाकघरात थांबत नाही. रेल्वेला डबे असतात, तेलाचा १५ किलोचा डबा असतो आणि अंगणात डबा ऐसपैस रंगतो. "डबा खाल्ला" म्हटलं तरी पत्रा कुणी खात नाही! नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलेला मुलगा फोनवर "डबा लावलाय" म्हणतो, तेव्हा त्याच्या रोजच्या जेवणाची सोय झाली, हे आईला कळतं. "दवाखान्यात डबा पोचवायचाय" यात तर नुसतं अन्न नसतं. आजारी माणसाच्या मागे आपलं कुणीतरी आहे, हेही त्यात येतं. "कंटेनर पोचवायचाय" म्हटलं तर यातलं काय उरेल?

आपल्या घरांत आता लंचबॉक्स, टिफिन, कंटेनर हेच शब्द जास्त ऐकू येतात. मराठी शाळा जवळ नसलेल्या शहरात मुलांची मराठी बरीचशी ओट्यापाशीच घडते. "हिंगाची डबी दे, पोह्यांचा डबा काढ, ते डबडं टाकून दे." रोजची एवढी तीन वाक्यं कानावर पडली, तरी मराठीची तिन्ही लिंगं पुस्तक न उघडता मुलांच्या तोंडी बसतील.