वाचननोंदींची संकेतस्थळे आणि भारतीय भाषांतील ग्रंथ

प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, ही अपेक्षा डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत अंतर्भूत केली. ग्रंथपालाचे हे कार्य आता काही अंशी संगणकाकडे आले आहे. २००५ मध्ये सुरू झालेले ‘लायब्ररीथिंग’ आणि २००७ मध्ये वाचकांस खुले झालेले ‘गुडरीड्स’ ही संकेतस्थळे वाचलेल्या ग्रंथांची नोंद ठेवतात व पुढील वाचनासाठी ग्रंथ सुचवितात. या शिफारशीचे स्वरूप भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

शिफारशीची एक प्रमुख पद्धती साहचर्यावर आधारलेली असते. अनेक वाचकांनी दोन विशिष्ट ग्रंथ पसंत केले असतील, तर त्यांपैकी एक वाचणाऱ्यास दुसरा सुचविला जातो. येथे ग्रंथाच्या आशयाचा विचार होत नाही. केवळ नोंदींचा मेळ घातला जातो. साहजिकच ज्याच्या नोंदी विपुल तो ग्रंथ वारंवार पुढे येतो आणि ज्याच्या विरळ तो मागे पडतो.

जुन्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत ही विरळता लिपीमुळे व क्रमांकाअभावी अधिकच वाढते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली, आय.एस.बी.एन. ही ग्रंथक्रमांकाची आंतरराष्ट्रीय पद्धती मात्र १९७० मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. क्रमांक नसलेल्या आवृत्तीची नोंद कोणी देवनागरीत करतो, कोणी रोमन लिपीत. अशा नोंदी एकत्र न जोडल्यास एकाच ग्रंथाचे दोन ग्रंथ होतात व साहचर्याचा पुरावा विभागला जातो.

अनुवादाच्या संदर्भात नेमकी उलट अडचण उद्भवते. या दोन्ही संकेतस्थळांवर मूळ ग्रंथ व त्याचे अनुवाद ही एकच कृती मानून वाचकांचे गुण एकत्र केले जातात. त्यामुळे ‘कोसला’चा सुधाकर मराठे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद वाचणाऱ्याचे मत मूळ कादंबरीच्या सरासरीत मिसळू शकते. ती सरासरी कोणत्याही एका भाषेतील वाचकवर्गाची साक्ष मानता येत नाही.

म्हणून अशा आकड्यांवरून साहित्यकृतीच्या स्वीकाराविषयी अनुमान काढण्यापूर्वी त्यांमागील भाषा व आवृत्ती तपासली पाहिजे. मूळ लिपीतील शीर्षक, प्रथम प्रकाशनाचे वर्ष व अनुवादकाचे नाव यांची अचूक नोंद करण्याचे कामही अभ्यासकांनी अंगावर घ्यावयास हवे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची परिश्रमपूर्वक सिद्ध केली आहे. तिच्यातील माहिती या नव्या नोंदींत उतरली, तर विस्मृत ग्रंथांनाही वाचक लाभण्याची शक्यता निर्माण होईल.