पकड शिकवणारे सर

चढाईपटूचं नाव तालुकाभर होतं. कोपरा सांभाळणाऱ्याचं फार तर त्याच्या गल्लीत. आणि त्याला घोटा धरायला ज्यांनी शिकवलं, त्या सरांचं नाव सापडतं ते महाविद्यालयाच्या प्रवेशिकेवर, 'संघव्यवस्थापक' या रकान्यात, गोल शिक्क्याखाली अर्धं झाकलेलं. जळगाव काय, धुळे काय, दोन्हीकडे हीच रीत.

अमेरिकेत एवढ्याच कामावर आख्खी कारकीर्द होते. तिथला विद्यापीठीय फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, अंगावर धावून जाण्याचा खेळ. बचावाच्या पहिल्या फळीत तीन-चार धिप्पाड गडी असतात आणि फक्त त्यांना शिकवायला वेगळा पगारी प्रशिक्षक असतो. लॅरी जॉन्सन हे त्यातलं मोठं नाव. बरीच वर्षं शाळांचे संघ शिकवून ते १९९६ साली पेन स्टेट विद्यापीठात आले आणि २०१४ साली ओहायो स्टेटला गेले. जोई आणि निक हे बोसा बंधू, चेस यंग असे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारे खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले. अर्थात तिथेही सुख नाही. मुख्य प्रशिक्षकाला नारळ मिळाला की बहुतेक वेळा सहायकांनाही बिऱ्हाड हलवावं लागतं. पण बचाव शिकवणं हे वेगळं काम आहे, एवढं तरी तिथे मान्य आहे.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा खेळ कबड्डी. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, चढाई ३० सेकंदांची, आणि एकट्या चढाईपटूसमोर सात जण. दोन कोपरे, दोन कव्हर आणि मधले तिघे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सात जणांनी एकाला धरायचं, त्यात शिकवायचं काय? खरी गोम इथेच आहे. पकड फसून चढाईपटू मध्यरेषेला पोहोचला, तर त्याला जे जे भिडले ते सगळे बाद. म्हणून 'धर' म्हणण्याआधी 'कोणी धरायचं नाही' हे शिकवावं लागतं.

डाव्या कोपऱ्याचंच बघा. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असले तरच बोनस मिळतो आणि तो घेताना एक पाय रेषेपलीकडे टाकून मागचा पाय हवेत ठेवावा लागतो. म्हणजे क्षणभर चढाईपटूचा तोल दुसऱ्याच्या हवाली असतो. त्या क्षणी कोपऱ्याने खाली जाऊन घोटा धरायचा, छातीशी ओढायचा आणि शेजारच्या कव्हरने कमरेवर यायचं. झेप जरा आधी पडली तर चढाईपटू पाठीवर थाप मारून निघून जातो. जरा उशिरा पडली तर हातात नुसती माती. हे फळ्यावर शिकवता येत नाही. सर स्वतः चढाईला उतरतात, शंभरदा तोच पाय टाकतात आणि मुलगा उठला की ओरडतात, "भो, डोळ्यांकडे काय बघतोस? पायाकडे बघ!"

साखळीचं कसब आणखी अवघड. कव्हर आणि कोपरा हात धरून उभे असतात. एकाने पाऊल टाकलं आणि दुसरा जागीच राहिला, तर दोघांच्या मधून म्हैस निघून जाईल एवढी वाट पडते. आणि मैदानात तीनच उरले की हिशोब उलटा होतो. तेव्हाच्या पकडीला एक जादा गुण, म्हणजे एकूण दोन. वर्तमानपत्रं तिला 'अव्वल पकड' म्हणतात. हरत आलेला सामना तीन जणांनी फिरवल्याचे किस्से खानदेशात गावोगावी ऐकायला मिळतात.

हे शिकवणारा माणूस कागदोपत्री कोण असतो? शारीरिक शिक्षण संचालक. जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचं प्रताप, दोन्ही १९४५ सालची. धुळ्याचीही महाविद्यालयं जुनी. १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. या विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात संचालक व्हायचं तर बी.पी.एड., मग ५५ टक्क्यांनी एम.पी.एड., मग नेट, सेट किंवा पीएच.डी. त्यावर धावण्याची चाचणीही असते. तिशीपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर, बाईंनी ८ मिनिटांत १०००. मराठी किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाला कुणी धावायला लावत नाही, हे जाता जाता. ज्याला केवळ प्रशिक्षकच व्हायचंय, त्याच्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे. त्यानंतर राज्याच्या क्रीडा खात्यात क्रीडा मार्गदर्शक किंवा तालुका क्रीडा अधिकारी होण्याची वाट असते. जागा निघाल्या तर. नाही तर तासिका तत्त्वावर उमेदवारी.

एवढ्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाच्या वाट्याला कबड्डी एकटी येत नाही. खो-खो, कुस्ती, मैदानी स्पर्धा, बुद्धिबळ, परीक्षेची ड्यूटी, निवडणुकीची ड्यूटी. आंतरमहाविद्यालयीन सामने झाले की विद्यापीठाचा संघ निवडायचा, आणि थोड्या दिवसांच्या शिबिरावर पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जायचं. चोपड्याचा कोपरा आणि शिरपूरचा कव्हर आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांचा हात धरतात ते या शिबिरात. चढाईपटू एकट्याच्या जोरावर कुठेही खेळतो. साखळीला सवय लागते आणि सवयीला दिवस लागतात. शिवाय सराव मातीवर आणि स्पर्धा मॅटवर. मातीत अनवाणी झेपावणारा मुलगा मॅटवर बूट घालून अडखळतो, गुडघे सोलून घेतो.

मुलींच्या संघाचं काम याहून वेगळं. तिथे पहिली पकड वडिलांची करावी लागते. "आप्पा, संध्याकाळच्या गाडीत मी स्वतः बसवून देतो," असा शब्द दिल्याशिवाय साक्री किंवा पारोळ्याकडची मुलगी सरावाला थांबत नाही.

बचाव शिकवून काय होतं, याचा दाखला शेजारच्या जिल्ह्यातच आहे. नाशिकच्या शैलजा जैन इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं. त्याच स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला नमवलं. १९९० पासून दर खेपेला सुवर्ण आणणाऱ्या आपल्या पुरुष संघाला कांस्यपदक घेऊन परतावं लागलं. त्याच वर्षी प्रो कबड्डीच्या लिलावात इराणचा डावा कोपरा फझल अत्राचली याच्यावर यू मुंबाने एक कोटी रुपये लावले. २०२३ मध्ये इराणचाच बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणकडे गेला आणि त्या हंगामाचं विजेतेपद पुण्याला मिळालं. बाजाराला पकडीची किंमत कळली आहे.

आमच्या विद्यापीठाला ती कळायला फार पैसा लागत नाही. खानदेशातले जुने कोपरारक्षक आज पोलिसात आहेत, एसटीत आहेत, केळीच्या बागा सांभाळताहेत. शिबिरापुरतं बोलावलं तर यातले कित्येक जण आनंदाने येतील. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आणि प्राचार्यांना एवढीच विनंती, की यंदाच्या शिबिराच्या अंदाजपत्रकात पकडीच्या स्वतंत्र प्रशिक्षकाच्या मानधनाची एक ओळ घाला, आणि प्रवेशिकेवर त्याच्या नावाला वेगळा रकाना द्या.